दोन नूंचा एक समुद्र

नोंगसायमध्ये दोन नू होत्या. नू म्हणजे उंदीर. जन्मलेल्या पोराला भुताखेतांनी हेरू नये म्हणून गावात कुणाला उंदीर म्हणत, कुणाला बेडूक. राजधानीत, व्हिएंतियानला, मंत्रालयात मोठ्या खुर्चीवर बसणाऱ्या एका साहेबाला तर आख्खं गाव अजून डुक्करच म्हणायचं, आणि तोही ओ द्यायचा. खरी नावं असायची, पण ती लग्नात लागायची, नाहीतर मेल्यावर.

थोरली नू साठीला टेकलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उंच खांबांवरचं घर, घराखाली सावलीत तिचा माग. धाकटी नू तिच्या शेजारणीची, वान्थोंगची मुलगी. ती थायलंडात समुद्रकाठी कोळंबी सोलायच्या कामाला गेली होती आणि आता परत आली होती. म्हणजे बॅग आली होती, कपडे आले होते, कापलेले केस आले होते. वान्थोंगचं म्हणणं, पोरगी काही आली नाही.

"हाक मारली की बघते गं ताई, पण इतक्या उशिरानं बघते की वाटतं, माझा आवाज अजून वाटेतच असेल."

"ख्वान मागं राहिलंय तिचं," थोरली नू म्हणाली.

यावर कुणी का, कसं विचारलं नाही. माणसात बत्तीस ख्वान असतात, बत्तीस जीव म्हणा. एखादं घाबरतं, एखादं कुठं रमतं, आणि माणूस उठून चालायला लागला तरी ते तिथंच बसून राहतं. असं झालं की एकच करायचं. चांगला दिवस बघायचा, चार माणसं गोळा करायची आणि घालायचं त्याला

बोलावणं.

केळीच्या पानांचे शंकू थोरल्या नूनं स्वतः वळले. उजाडायच्या आधी उठून. शंकूंना झेंडू टोचले, मधे उकडलेली अंडी, चिकट भात, केळी, तांदळाच्या दारूची बाटली, आणि बांबूच्या काड्यांवर पांढरे दोरे लोंबते सोडले. ताटाच्या एका अंगाला धाकटी नू बसली, दुसऱ्या अंगाला इनपेंगआजा. आजा तरुणपणी भिक्षू होते, मग संसारात आले, आता दोन्हीतून निवृत्त होते आणि कानानं कमी ऐकत होते.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"नू," वान्थोंग म्हणाली.

"खरं."

वान्थोंगनं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. "सेंग... सेंग काहीतरी. तिच्या बापानं ठेवलं होतं."

"सेंग काहीतरी असं हाकारू का?"

"नूच म्हणा आजा. कळतं तिला."

धाकटी नू स्वतः सांगू शकली असती, पण जिच्यासाठी बोलावणं तिनं गप्प बसायचं असतं. आणि तसंही ती गप्पच होती. आजांनी हात जोडले. पुढच्याच्या कोपराला मागच्यानं हात लावला, त्याच्या कोपराला त्याच्या मागच्यानं, अशी सगळी खोली एकमेकांना धरून बसली. थोरली नू सगळ्यात मागं, भिंतीला टेकून.

ये बाळा ख्वान, ये.
रानात असशील तर ये, वाटेत वाघ नाही.
डोंगरात असशील तर ये, धुकं सरलंय.
नदीच्या तळाशी असशील तर माशाच्या पाठीवर बसून ये.

समुद्राला बोलावण्यात शब्द नव्हता. आजांच्या आजांनी समुद्र पाहिला नव्हता, मग ते कुठून शिकवणार? आजा अडखळले, घसा खाकरला आणि म्हणाले,

मोठ्या तळ्यावर असशील तर ये. फार मोठ्या.

ऐकता ऐकता थोरल्या नूचे डोळे मिटले. झेंडूचा वास, माणसांचा उबारा, उजाडायच्या आधीचं उठणं. कुठूनतरी लांबून कुणी विचारत होतं, "नू, आलीस का? नू गं, आलीस का?" अशा वेळी सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, "आलं, आलं." तसं सगळे म्हणालेच. पण त्याच्या अर्ध्या श्वासाआधी थोरल्या नूनं झोपेतच खणखणीत ओ दिली.

"आले!"

खोली हसून हसून लोळली. ज्यांचे हात एकमेकांच्या कोपरांना होते त्यांना ते सोडायचंही सुचेना, त्यामुळे हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत गेलं.

"तुला कोण विचारतंय, म्हातारे?" आजा म्हणाले. "तू कुठं गेली होतीस?"

थोरली नूही हसली. मग सगळ्यांनी धाकटीच्या मनगटाला दोरे बांधले, थोडे एकमेकांनाही बांधले, दारू फिरली, आणि दुपारी जेवून थोरली नू घराखाली दोन खांबांना बांधलेल्या झोळीत आडवी झाली. डोळे मिटले, आणि समोर होता

समुद्र

तिनं तो कधी पाहिला नव्हता तरी ओळखला कारण पलीकडचा काठ नव्हता मेकाँगला पलीकडचा काठ असतो तिथं दुसरा देश असतो इथं दुसरं काहीच नव्हतं फक्त पाणी आणि पाणी उभं राहून श्वास घेत होतं आणि पायाखाली लाकडाचा धक्का आणि धक्क्यावर बर्फाचा चुरा वितळत होता गुलाबी आणि वास होता आंबवलेल्या माशांच्या पादेकच्या रांजणाचा पण रांजण कुणी उघडून आभाळाएवढा केलेला आणि धक्क्याच्या टोकाला कुणी पाठमोरं वाकून नळाखाली बूट धूत होतं पिवळे गुडघ्यापर्यंतचे आणि आता वळेल आता वळेल

जाग आली तेव्हा तोंडात खारट चव होती. कोंबडी तिच्या पायाशी उभी राहून बघत होती. थोरल्या नूनं जीभ ओठांवरून फिरवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुपारी दुसऱ्यांदा झोपली.

तिची झोळी पूर्वेकडे तोंड करून बांधलेली होती, रस्त्याकडे. पूर्वी ती पश्चिमेकडे असायची, तळ्याकडे. नोंग म्हणजे तळं. गावाच्या नावात ते अजून होतं. बाकी त्याची वाळू झाली होती. ट्रक आले, गेले, आले, आणि कमळं, पाणपालक, गोगलगाई, मासे यांच्यावर पांढरी सपाट वाळू पसरली. तिथं उंच इमारती होणार होत्या. कडेला एक फलक लावला होता आणि त्यावर निळंशार तळं काढलं होतं.

तिची होडी घराखाली पालथी पडली होती. तिच्या आत कोंबड्या अंडी घालत. पहिला ट्रक आला त्या दिवशी थोरली नू होडीतून उतरली, ती ओढून घरी आणली, आणि मागं वळून पाहिलं नाही. तेव्हापासून बाजाराला जातानाही ती देवळामागच्या लांबच्या गल्लीनं जायची. माग उलटा फिरवला. झोळी उलटी बांधली. कुणी विचारलं तर म्हणायची, "इकडून वारा येतो."

वारा येत नव्हता.

पण आता तिच्याकडे समुद्र होता. रोज दुपारी. जेवण आटपायची ती घाई करू लागली. कधी धक्का असायचा, कधी लांबलचक पत्र्याची शेड आणि बर्फात बुडालेली बोटं, कधी नुसता पाण्याचा आवाज, जसा मागावर धोटा इकडून तिकडे जातो तसा, पण न थांबता. आणि शेवटी नेहमी ते माणूस, पाठमोरं, पिवळे बूट धुणारं. ती हाक मारायला जायची आणि हाक तोंडातच वितळायची. कोण असेल? बाई की पुरुष तेही कळत नव्हतं. खांदे बारीक होते. मान खाली घातलेली. त्या मानेकडे बघून तिला शेजारी जाऊन बसावंसं वाटायचं, जसं जिवाभावाचं माणूस एकट्यानं जेवताना दिसलं की वाटतं.

हातातले दोरे तीन दिवसांनी सोडायचे असतात. तिनं सोडले नाहीत.

"काळे झाले की गं दोरे तुझे," वान्थोंग म्हणाली.

"असू दे. शकुनाचे आहेत."

"शकुन माझ्या पोरीचा, आणि दोरे तू मिरव."

"तिचे सोडलेस?"

"सोडले. काय उपयोग? तशीच आहे."

"जेवते?"

"भाताचे गोळे करते आणि ओळीनं मांडून ठेवते. बरं, आणखी एक ऐक. सांगू की नको... घमेल्यात पाणी घेते, त्यात मूठभर मीठ टाकते आणि पाय बुडवून बसते. तासन् तास. मीठ संपलं घरातलं. तुझ्याकडे असेल तर दे."

थोरल्या नूनं जीभ ओठांवरून फिरवली.

"ताई?"

"देते."

"तुझा चेहरा का उतरला? एवढं महाग नाही मीठ."

"देते म्हटलं ना."

तिनं मीठ दिलं. मग मागावर बसली आणि तिच्या हातून ओळीत चूक झाली, ती उसवली, परत तीच चूक झाली. तिला कळलं होतं. तसं ते तिला पहिल्या दुपारीच कळलं होतं, खारट जिभेवर. वाटेनं आलेल्या ख्वाननं नू म्हणून हाक ऐकली, नू म्हणून ओ ऐकली, आणि ते बापडं ओ आली तिकडे गेलं. त्याची काय चूक?

ती इनपेंगआजांकडे गेली. आजा ओट्यावर नखं कापत बसले होते.

"आजा, एकाचं ख्वान दुसऱ्याकडे जातं का?"

"काय पान?"

"ख्वान! दुसऱ्याच्या अंगात शिरतं का?"

"छे. शिरायला जागा हवी ना? बत्तीसच्या बत्तीस घरात बसलेली असताना पाहुणा कुठं टेकणार?" त्यांनी नखावर फुंकर मारली आणि मग तिच्या मनगटाकडे पाहिलं. काळ्या दोऱ्यांकडे. "त्या दिवशी मी तुला काय विचारलं होतं गं?"

"काही नाही. चेष्टा केली होतीत."

"काय म्हणालो होतो चेष्टेत?"

तिला आठवत होतं. ती म्हणाली, आठवत नाही. आणि देवळामागच्या गल्लीनं घरी आली, आणि त्या दुपारी झोपायचं नाही असं ठरवून झोळीत पडली, आणि

झोपेत

ते माणूस आज बूट धुऊन संपवत होतं नळ बंद केला बूट झटकले एकात एक घालून पिशवीत कोंबले आणि थोरल्या नूला कळलं हे शेवटचं आहे हे आता निघालं आणि वळेल आता तरी वळेल धक्क्यावरून किनाऱ्याकडे यायचं तर वळावंच लागेल पण ते वळलं नाही ते तसंच पाठमोरं लांब लांब जात राहिलं जणू धक्का संपतच नव्हता आणि थोरली नू ओरडली अगं मला घेऊन जा की अगं मी इथं राहिले

आणि स्वतःच्याच आवाजानं उठली. "अगं" म्हणाले मी, तिला वाटलं. म्हणजे ती बाई आहे.

ती तशीच, केस न बांधता, कुंपणातून पलीकडे गेली. वान्थोंग चुलीपाशी होती. धाकटी नू जिन्याच्या खालच्या पायरीवर, पाय घमेल्यात. थोरली नू तिच्याशेजारी बसली. चपला काढल्या आणि आपलेही पाय त्याच घमेल्यात घातले. पाणी कोमट होतं. समुद्र असा नसतो, तिच्या मनात आलं. तो पायांना ओढतो.

"नू, तुझी एक वस्तू माझ्याकडे आलीय," ती म्हणाली. "चुकून. आणि मग मी ती ठेवून घेतली. ती चुकून नाही."

धाकटीनं उशिरानं पाहिलं.

मग थोरल्या नूनं तिला सगळं सांगितलं. शेड, पत्रा, बर्फाचा गुलाबी चुरा. श्वास घेणारं पाणी. काहीच शिल्लक ठेवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी सांगताना एखादी गोष्ट हळूच बाजूला ठेवावी असं वाटत होतं, पोरांना खाऊ वाटताना स्वतःसाठी तुकडा ठेवतात तसं. तिनं ती बाजूला ठेवलेलीही सांगून टाकली.

"आणि टोकाला एक बाई. पाठमोरी. पिवळे बूट धुते."

धाकटीचे पाय पाण्यात थांबले.

"डाव्या बुटाला पट्टी आहे?" तिनं विचारलं. आवाज गंजलेला होता. चुलीपाशी वान्थोंगच्या हातातून पळी पडली. "काळी? सायकलच्या ट्यूबची?"

"आहे."

"मानेवर केस?"

"वेडेवाकडे. कुणीतरी घाईत कापल्यासारखे."

"मीच कापले होते. निघायच्या दिवशी. वास जात नव्हता केसांचा." तिनं मानेवरून हात फिरवला. "मावशी, ती मी आहे."

"तू कशी? ती तर जात होती."

"म्हणूनच. मी जात होते. जे मागं राहिलं त्याला मी कशी दिसणार? पाठच दिसणार ना."

थोरल्या नूच्या डोळ्यांपुढे ती बारीक मान आली. इतके दिवस ती ज्या चेहऱ्यासाठी झोपत होती तो चेहरा शेजारच्या घरात, कुंपणापलीकडे, जिन्याच्या पायरीवर होता. तिनं नीट पाहिलं. नाकावर एक बारीकसा डाग होता, लहानपणी पडली होती त्याचा. थोरलीनंच हळद लावली होती.

"धर," ती म्हणाली आणि मनगट पुढं केलं. "सोड."

दोरा कापायचा नसतो, सोडायचा असतो. कापला तर ख्वान घाबरतं. पण इतक्या दिवसांत घामानं, पाण्यानं गाठी दगड झाल्या होत्या. धाकटीनं नखं लावली. थोरलीनं दुसऱ्या हाताची नखं लावली. मग धाकटीनं खाली वाकून दात लावले.

"कुरतडू नकोस गं उंदरे!" वान्थोंग ओरडली. ती कधीची शेजारी येऊन उभी होती.

"कुरतडत नाही," धाकटी दातातून म्हणाली. "सोडवतेय."

आणि हसली. इतकंसंच. वान्थोंगनं डोळे पुसायला फडकं शोधल्यासारखे हात फिरवले आणि चुलीकडे बघून रडू लागली, जसं काही धूरच लागला होता.

गाठ सुटली. थोरलीनं तोच काळा दोरा धाकटीच्या मनगटाला बांधला.

"आता नाव सांग. खरं."

"सेंगदाला."

"अगं हो! सेंगदाला!" वान्थोंगनं कपाळावर हात मारला.

ये बाळा ख्वान, ये. सेंगदालाच्या ख्वाना.
माझ्याकडे होतास, आता ऊठ. जवळच आहे, कुंपणापलीकडे.
समुद्रावरून ये. धक्क्यावरून ये. बूट घालून ये, वाळू तापलीय.
ती वळलीय. बघ. चेहरा बघ तिचा.

"आलं?" थोरलीनं विचारलं.

"आलं, आलं," वान्थोंग म्हणाली.

त्या संध्याकाळी धाकटी नू दोन मुठी भात, होडीखालचं अंडं आणि आईच्या ताटातली मिरचीची चटणी खाऊन, उष्ट्या हातानंच झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली नू झोळीत पडली. डोळे मिटले.

काही

नाही.

डोळ्यांच्या मागं नुसतं रिकामं, पांढरं. सपाट. तिला वाटलं, आपण वाळूवर झोपलोय. ती कुशीवर वळली. पुन्हा तेच. समुद्र आला नाही, आणि समुद्राच्या आधी तिथं जे असायचं तेही आलं नाही, कारण तू कुठं गेली होतीस हे आजांनी चेष्टेत विचारलेलं खरं होतं. जागा होती. जागा मोकळी होती म्हणूनच पाहुणा येऊन राहिला होता.

"मावशी," कुंपणातून धाकटी म्हणाली. तिच्या एका हातात अंडं होतं, दुसऱ्या हातात दोऱ्याची लडी. "चल. तुझं तळ्यावर राहिलंय."

"माझं काय?"

"माझं सगळं परत दिलंस ना? आता चल."

वान्थोंगही आली. जेवणाचा डबा घेऊन आली, कुठं लांब जायचं असल्यासारखी. तळं होतं तिथवर घरापासून हाक ऐकू जाईल एवढंच अंतर, पण थोरली नू देवळामागच्या गल्लीकडे वळली आणि धाकटीनं तिला दंडाला धरून सरळ वाटेला लावलं. वाटेवर गवत माजलं होतं. ती वाट थोरल्या नूच्याच पायांनी पडलेली होती.

वाळूच्या कडेला ती थांबली आणि पाठ करून उभी राहिली, गावाकडे तोंड.

"इथूनच बोलव," ती म्हणाली. "मला ऐकू येतं."

धाकटीनं हट्ट केला नाही, फक्त खरं नाव विचारून घेतलं. चपला काढून ती वाळूवर चार पावलं गेली, उकिडवी बसली, अंडं वाळूवर ठेवलं.

ये बाळा ख्वान, ये. बुआलायच्या ख्वाना.

बुआलाय. थोरल्या नूला आपलं नाव परक्याच्या तोंडचं वाटलं. बुआ म्हणजे कमळ. लग्नात घेतलं होतं ते, त्यानंतर आज.

कमळाच्या देठातून ये, देठ आतून पोकळ आहे, वाट आहे.
पाणपालकाची मुळं धरून वर ये.
गोगलगाईच्या शंखात असशील तर तो घेऊन ये, घरी ठेवू.
होडी अजून आहे. पालथी आहे, सुलटी करू.
वाळू जड आहे. हळू ये. आम्ही बसलोय.

"आलं, आलं," वान्थोंग घाईनं म्हणाली.

"थांब गं आई. बोलावून तरी होऊ दे." धाकटी उठली, आणि वाळूवरूनच, ओरडून नाही, साध्या आवाजात म्हणाली, "मावशी, त्याला इतके दिवस तुझी पाठच दिसतेय. वळ."

थोरली नू उभी राहिली. समोर गाव होतं, देवळाचं टोक होतं, तिचं घर होतं, घराखाली उलटा फिरवलेला माग होता. हे बघायला तिला काही वाटत नव्हतं. मानेवर मात्र काहीतरी होतं, ऊन की नजर सांगता येत नव्हतं. कुणीतरी तिच्या मानेकडे बघत होतं आणि त्याला तिच्याशेजारी येऊन बसावंसं वाटत होतं, हे तिला आतून माहीत होतं, तिनंच इतक्या दुपारी तसं पाहिलं होतं.

ती वळली.

वाळू होती. फलक होता. ऊन इतकं होतं की लांबवर वाळूला पाण्यासारखी थरथर सुटली होती, आणि त्या थरथरीत पलीकडचा काठ दिसत नव्हता. ती बघत राहिली. डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत, पुसायला चेहरा झाकावा लागला असता.

"आले," ती म्हणाली.

"आलं म्हणायचं असतं, ताई," वान्थोंग मागून कुजबुजली.

"माहीत आहे मला," थोरली नू म्हणाली, आणि नजर न हलवता दोऱ्यासाठी हात पुढं केला.